शेजाऱ्याचा धडा

मित्रांनो, शिरूरला घोडनदीच्या अलीकडे मिशनची एक बैठी शाळा आहे. तिच्या मागच्या खोलीत मोडके बाक, फाटलेले नकाशे आणि नाताळच्या नाटकातल्या पत्र्याच्या तलवारी ठेवतात. तिथे भिंतीला टेकून बसलेली जुनी सायक्लोस्टाईलची मशीन म्हणजे मी. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझे नावही ऐकले नसेल. मेणाच्या पातळ कागदावर लोखंडी लेखणीने अक्षरे कोरायची, तो कागद माझ्या पिंपावर ताणून बसवायचा, शाई लावायची आणि दांडा फिरवायचा. मग एकासारखा दुसरा, दुसऱ्यासारखा तिसरा असे कागद माझ्यातून निघत राहतात. छापखाना परवडत नसे अशा लोकांचा मी छापखाना होते.

माझा जन्म विलायतेतला. बोटीतून मुंबईला आणि तिथून मालगाडीने दौंडला आले. दौंडच्या रेल्वे कचेरीत माझी उमेदीची वर्षे गेली. गाड्यांच्या बदललेल्या वेळा, रजेचे नियम, कोळसा जपून वापरण्याच्या सूचना मी छापत असे. माझे कागद लोक भिंतीला चिकटवत आणि वारा आला की ते उडून रुळांवर जात. मला त्याचे दुःख नव्हते, कारण कागदावर याहून वेगळे काही असू शकते हेच मला ठाऊक नव्हते. पुढे कचेरीला नवी मशीन मिळाली आणि मला लिलावात काढले. मिशनच्या माणसांनी मला घेतले आणि एस.टी.च्या टपावर दोरांनी बांधून शिरूरला आणले. देश स्वतंत्र होऊन तेव्हा सात-आठ वर्षे झाली असतील.

इथे मला दबोराबाई भेटल्या. त्यांच्यामुळे माझ्या आयुष्याला सांगण्यासारखे काही आले, म्हणून मी माझे थोडे आणि त्यांचे जास्त सांगणार आहे.

दबोराबाई पाटोळे तेव्हा चाळिशीला आल्या होत्या. त्यांचे यजमान दौंडला इंजिनावर फायरमन होते. ते गेल्यावर बाई नगरला जाऊन शिक्षिकेची परीक्षा पास झाल्या आणि शिरूरच्या मिशन शाळेत लागल्या. मूलबाळ नव्हते. अंगाने किरकोळ, पण चालायला लागल्या की बरोबरीच्या माणसाला धाप लागायची. त्यांचे अक्षर इतके रेखीव होते की मेणकागदावर अक्षरे कोरायचे, म्हणजे स्टेन्सिल कापायचे काम आपोआप त्यांच्याकडे आले. लेखणी जोरात दाबली तर मेणकागद फाटतो, हलकी धरली तर अक्षर उमटत नाही. बाईंचा हात त्याच्या बरोबर मध्ये चालायचा.

त्या सुमाराला आजूबाजूच्या गावांत मिशनच्या छोट्या छोट्या शाळा होत्या. तिथे ख्रिस्ती मुले थोडी आणि शेतकऱ्यांची, मजुरांची मुले जास्त असत. सरकारचा नियम आला होता, की आईबापांची संमती असल्याशिवाय कुठल्याही मुलाला धर्मशिक्षणाला बसवायचे नाही. जुना अभ्यासक्रम गोऱ्या मिशनऱ्यांनी केलेला होता. बायबलातली वचने पाठ करायची, ठरलेल्या प्रश्नांची ठरलेली उत्तरे म्हणायची, एवढाच तो होता. मिशनच्या शिक्षण समितीने तो बदलायचे ठरवले. समितीचे प्रमुख दावीद आप्पा होते. ते निवृत्त हेडमास्तर आणि मंडळीतले, म्हणजे इथल्या ख्रिस्ती समाजातले, वडीलधारे. आवाज मऊ, पांढरा फेटा नेहमी घट्ट बांधलेला.

ते माझ्या खोलीत आले आणि म्हणाले, "बाई, आजवर आपल्या पोरांनी काय शिकायचं ते दुसऱ्यांनी ठरवलं. आता आपलं आपण ठरवायचं. हे काम तुम्ही करा."

आप्पा गेल्यावर दबोराबाईंनी माझ्या पिंपावरची धूळ पदराने पुसली. माझ्यावरची धूळ पदराने पुसणारे पहिले माणूस तेच.

मग बाई गावोगाव हिंडल्या. कुठे एस.टी.ने, पुढे पायी. सुट्टीत दौंडला भावाकडे गेल्या की रेल्वे कॉलनीतल्या मुलांना गोळा करून बसवत. वर्गात त्या मागच्या भिंतीशी बसायच्या आणि मुले काय बोलतात ते नुसते ऐकायच्या.

नदीपलीकडच्या पिंपळखडी गावात बन्यामीन मास्तरांची शाळा होती. गावात तेवढीच एक शाळा. तिथे एक गोष्ट घडली आणि अभ्यासक्रमाचे सगळे रूपच बदलले. मुलांनी शेजाऱ्यावर प्रेम करण्याचे वचन खड्या आवाजात म्हणून दाखवले. सगळ्यांत स्पष्ट म्हटले ते नकुशीने. ती मल्हारी नावाच्या बागायतदाराची मुलगी. त्याचा मळा गावाला लागून होता, कांदा, वांगी आणि झेंडू करायचा. वचन झाले आणि पाणी प्यायची सुट्टी झाली. गावातल्या मुलांनी माठातून पाणी घेतले. मातंग वस्तीतली मुले ओंजळ करून लांब उभी राहिली, आणि नकुशीने त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतले. गावाने पोरे पाठवावीत म्हणून बन्यामीन मास्तर या बाबतीत गप्प राहत आले होते.

बाईंनी नकुशीला जवळ बोलावून विचारले, "आत्ता काय म्हणालीस तू?"

तिने वचन पुन्हा घडाघडा म्हणून दाखवले.

"मग ही मुलं माठातून का घेत नाहीत?"

नकुशीला प्रश्न कळेना. ती म्हणाली, "बाई, त्ये पाठ म्हणायचं असतंय. करायचं कुठं सांगितलंय?"

बाईंनी हे शिरूरला येऊन मला छापायला दिले नाही, पण बन्यामीन मास्तरांशी त्या माझ्या शेजारी बसून बोलल्या. "मास्तर, ती पोरगी खरं बोलली. आपण करायचं कधी सांगितलंच नाही."

त्या दिवसापासून बाई उत्तरे खोडू लागल्या. ख्रिस्ती मुलांसाठी बायबलचे पाठ शाळा भरण्याआधी सकाळी, आणि ज्यांच्या घरून संमती आहे त्या सर्वांसाठी शाळा सुटल्यावर नीतीचे पाठ, अशी त्यांनी मांडणी केली. प्रत्येक पाठात एक गोष्ट, आपल्याच मुलखातली. नगर रस्ता, घोडनदीचा पूर, बाजारातला वजनकाटा, दौंडचा फलाट. आणि गोष्टीच्या शेवटी एक प्रश्न. त्या प्रश्नाचे उत्तर छापलेले नसे.

बन्यामीन मास्तर पहिले कागद घेऊन बराच वेळ उलटेसुलटे करत राहिले. "बाई, उत्तरं कुठं हाईत?"

"उत्तरं मुलं घरून आणतील."

"घरी उत्तर नसलं तर?"

"तर घरात नाही हे तरी मुलांना कळेल."

मित्रांनो, त्या दिवसांत मी जशी फिरले तशी कधी फिरले नाही. बाई स्वतः दांडा धरायच्या. एकेक कागद उजेडात धरून बघायच्या आणि वाळत घालायच्या. खोलीभर धडे पसरलेले असायचे. सुकलेली शाई आणि ओला कागद यांचा वास मला आजही आठवतो. मला वाटायचे, रेल्वेच्या कचेरीत मी नुसते कागद काळे करत होते. छापणे म्हणजे काय ते इथे कळले.

त्या धड्यांत 'शेजारी' नावाचा एक धडा होता. नगर रस्त्यावर गाडीतून पडून जखमी झालेला एक बागवान, त्याच्या जवळून निघून गेलेली ओळखीची माणसे आणि त्याला खांद्यावर घेणारा एक परका माणूस, अशी गोष्ट. शेवटी प्रश्न होता: 'आपल्या घरी कोणाला वरून पाणी ओततात? का ओततात, ते घरी विचारून या.'

बाई पिंपळखडीत घरोघर संमती मागायला गेल्या. मल्हारीने अंगठा उठवताना एवढेच म्हटले, "चांगलं शिकवा म्हंजी झालं. पोरगी लई बोलती, जरा वळण लावा." बाईंनी धडे बन्यामीन मास्तरांच्या हाती दिले आणि त्या शिरूरला परत आल्या.

काही आठवड्यांनी, एका दुपारी बाई माझ्यावर पुढचे धडे काढत होत्या. बन्यामीन मास्तर दारात उभे राहिले. टोपी हातात होती आणि धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले होते. बाईंनी दांडा सोडला.

"बाई, थांबवा ते," मास्तर म्हणाले आणि खाली बसले.

मग त्यांनी जे सांगितले ते असे. 'शेजारी' धडा झाल्यावर नकुशीने घरी विचारले. बाप जेवत होता. तो म्हणाला, पहिल्यापासून तसंच हाय. नकुशीने दुसऱ्या दिवशी वर्गात तेच सांगितले. मास्तरांनी विचारले, हे उत्तर झाले का? मुलांनी नाही म्हटले. एवढ्यावर धडा संपला. पण नकुशीच्या मनातून तो गेला नाही. मल्हारीच्या मळ्यातल्या विहिरीवर मातंग वस्तीतल्या बाया घागरी घेऊन लांब बसायच्या, कुणी शेंदून वरून ओतील याची वाट बघत. त्यांत साखरबाई नावाची एक विधवा होती. नकुशी तिच्याजवळ गेली, दोर तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "तुमीच शेंदा."

साखरबाई नको म्हणत होती. पोरीने ऐकले नाही. साखरबाईने एक घागर शेंदली. झेंडू तोडणाऱ्या बायकांनी ते पाहिले आणि दिवस मावळायच्या आत गावभर झाले.

"पोरीला काय केलं?" बाईंनी विचारले.

"पोरीला बापानं दोन थोबाडीत दिल्या. तेवढंच."

"मग?"

मास्तर जमिनीकडे बघत राहिले. "साखरबाईला मारलं, बाई. चावडीम्होरं. हात मोडलाय तिचा. वस्तीतल्या बायांच्या घागरी फोडल्या. कांद्याची काढणी सुरू हाय, पर वस्तीतल्या एकालाबी कुणी कामावर घेईना. पाणी बंद. त्या आता पार नदीवर जात्यात."

बाईंच्या हाताला शाई लागलेली होती. त्या हात पुसायला विसरल्या आणि तोच हात कपाळाला लावला. "धडा मी लिहिला," त्या म्हणाल्या. "मार तिनं खाल्ला."

अस्पृश्यता पाळणे गुन्हा ठरवणारा कायदा नवाच झाला होता. बाई म्हणाल्या, फौजदाराकडे जाऊ. मास्तर म्हणाले, त्यांनी साखरबाईला विचारले होते. ती म्हणाली, फौजदार येईल आन् जाईल, मला हितंच ऱ्हायचंय.

बाईंनी चपला घातल्या. त्या तशाच पिंपळखडीला निघाल्या होत्या. पण बातमी दावीद आप्पांनाही कळली होती, आणि ते पडवीतच भेटले. मी त्यांचा आवाज ऐकला. "बाई, आत्ता जाऊ नका. तुम्ही गेलात की गाव म्हणेल मिशननं भडकवलं. वाद वाढेल, आणि त्याचं पुन्हा त्या वस्तीलाच भोगावं लागेल. जरा निवू द्या."

आप्पांच्या बोलण्यात तथ्य होते. म्हणून तर ते बोलणे इतके वाईट ठरले. बाईंनी चपला काढल्या. त्या खोलीत येऊन माझ्यापाशी बसल्या आणि संध्याकाळ होईपर्यंत काही छापले नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मल्हारी शिरूरला माल घेऊन आला आणि तिथून शाळेत आला. तो दाराच्या आत आला नाही. उंबऱ्यापाशी उभा राहून म्हणाला, "बाई, पोरीचं नाव काढा."

"नकुशी हुशार आहे, मल्हारीराव."

"म्हणून तर काढतुया. ढ असती तर भ्या नव्हतं."

बाईंनी त्याला बसायला सांगितले. तो बसला नाही. उभ्याउभ्याच म्हणाला, "तुमी शिकवलं त्ये खोटं हाय असं मी म्हणत न्हाई. पर मला त्या गावात ऱ्हायचंय. तिचं लगीन करायचंय. चावडीवर मला इचारलं, तुझी पोर हिरीची रीत मोडती, तू काय करतूस? मी काय सांगू? बाईचा प्रश्न लई चांगला हाय म्हणून सांगू?"

बाईंनी विचारले, "साखरबाईंना तुम्ही मारलंत?"

"मी न्हाई." तो जायला वळला, पुन्हा थांबला. "आडवलं बी न्हाई."

बाईंनी नाव काढले. त्याच्या मागोमाग गावातल्या इतरांनीही आपापली मुले काढली. बन्यामीन मास्तरांच्या शाळेत वस्तीतली आणि ख्रिस्ती घरांतली मिळून मूठभर मुले उरली.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की धडा बुडवला तो गावाने. मलाही तसेच वाटत होते. पण तो बुडाला शिरूरलाच, आमच्या घरात.

तोच धडा शिरूरच्या शाळेतही चालू होता. इथे बरीच मुले ख्रिस्ती होती. एका मंडळीत प्रार्थना करणारी, एका बाकावर बसणारी. पण मंडळीत येण्याआधी कोण महारवाड्यातला आणि कोण मांगवाड्यातला होता हे मोठी माणसे विसरली नव्हती. आमच्या ख्रिस्ती देवळात कोण पुढे बसतो आणि कोण दाराशी, हे कुणी सांगितल्याशिवाय ठरलेले असे. घरून विचारून आलेली मुले एकेक उत्तर सांगत होती. त्यांत दावीद आप्पांची नात दया उभी राहिली. लहान होती ती. म्हणाली, "आमच्या घरी मार्थाबाईला वेगळा पेला हाय. तो मोरीच्या कोनाड्यात असतो. मी आजीला विचारलं का, तर आजी म्हणाली, शाळेत सांगू नको."

मार्थाबाई ही आप्पांच्या घरी धुणेभांडी करायची आणि शाळा झाडायची. तीही मंडळीतली. तिचा मुलगा त्याच वर्गात बसलेला होता.

आठवडाभर शिरूरच्या ख्रिस्ती आळीत दुसरा विषय नव्हता. नंतर समितीची बैठक माझ्याच खोलीत झाली, कारण टेबल तिथेच होते. दावीद आप्पांच्या चेहऱ्यावर राग दिसत नव्हता. ते एकाएकी म्हातारे झाल्यासारखे दिसत होते.

"पिंपळखडीत जे झालं त्यानंतर हा धडा ठेवता येणार नाही," ते म्हणाले. "आणि असे बिनउत्तराचे सगळेच धडे बदलावे लागतील."

दबोराबाईंनी विचारले, "पिंपळखडीमुळं काढता, आप्पा, का दयामुळं?"

मला वाटले, आप्पा खोटे सांगतील. त्यांनी सांगितले नाही. "दोन्हीमुळं," ते म्हणाले. "बाई, मी ही मंडळी उभी राहताना बघितलीय. दोन्ही वाड्यांतली माणसं एका छपराखाली बसायला किती वर्षं लागली ते तुम्हाला ठाऊक नाही. प्रश्न विचारलात तर ती उठून जातील. मला मंडळी राखायचीय."

"दाराशी बसणारे कधीच उठून गेलेत, आप्पा. ते फक्त अजून तिथं बसलेले दिसतात."

समितीतल्या दुसऱ्या एकाने सांगितले, की नवा अभ्यासक्रम या वर्षी सरकारदरबारी दाखवला नाही तर लहान शाळांची मंजुरी थांबेल, पिंपळखडीची सर्वांत आधी. वस्तीतल्या मुलांना मग शाळाच राहणार नाही. तेव्हा बाईंनी हट्ट सोडावा.

बाईंनी हट्ट सोडला. मी पाहिले. त्या मुलांसाठी सोडला, आणि त्यामुळेच त्यांना स्वतःला क्षमा करता आली नाही.

नवे धडे समितीने बसून तयार केले. स्टेन्सिल मात्र बाईंनीच कापायच्या, कारण अक्षर त्यांचे. खरे बोलावे. वडीलधाऱ्यांचा मान राखावा. अंग स्वच्छ ठेवावे. 'शेजारी' हे नाव राहिले. त्याखाली लिहिले होते: 'शेजारी म्हणजे आपल्या घराजवळ राहणारा मनुष्य. शेजाऱ्याशी गोडीने वागावे.' त्याखाली प्रश्न: 'शेजारी कोणास म्हणतात?' आणि प्रश्नाखाली त्याचे उत्तर, पाठ करण्यासाठी.

बाईंनी दांडा फिरवला. तोच हात, तीच शाई, तेच सुंदर अक्षर. कागद निघत राहिले. मला थांबता आले असते तर मी थांबले असते, पण यंत्राला तेवढी मुभा नसते. बाईंनी एकही कागद उजेडात धरून पाहिला नाही.

मार्थाबाई खोली झाडत होती. झाडता झाडता म्हणाली, "बाई, त्या कोनाड्यातला पेला काढून टाकलाय."

बाईंनी आशेने तिच्याकडे पाहिले.

"माझं कामबी काढलं," मार्थाबाई म्हणाली. "आप्पांच्या सूनबाई म्हणाल्या, आता लाज वाटती तुझ्याकडं बघायला." तिने केर सुपलीत भरला आणि ती निघून गेली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. बाईंना तो हवा होता असे मला वाटते.

पिंपळखडीची शाळा तरीही वाचली नाही. मुले इतकी थोडी उरली की वर्षभरात ती बंद झाली आणि बन्यामीन मास्तर शिरूरला आले. नकुशीचे लग्न यवतकडे कुठेतरी लावून दिले. ती अजून लहानच होती. पुढे तिचे काय झाले ते कोणी सांगितले नाही. विचारायचे धाडस या खोलीत पुन्हा कुणी केले नाही.

आणि मित्रांनो, समितीच्या याच नव्या धड्यांचे कौतुक झाले. इतर ठिकाणच्या मिशन शाळांनी ते मागवले. सगळ्यांना पसंत पडले, कारण त्यांत कुणाला टोचेल असे काही नव्हते. शेवटी ते छापखान्यात नेऊन त्यांची पुस्तिका काढली. वर नाव होते, 'संपादक: सौ. दबोराबाई पाटोळे'. विधवा बाईला सौ. लावले हेसुद्धा कुणाच्या लक्षात आले नाही. देवळात समारंभ झाला, हार आणि शाल दिली. बन्यामीन मास्तरांनी नंतर सांगितले, की बाई बोलायला उभ्या राहिल्या आणि एवढेच म्हणाल्या, "या पुस्तकावरचं माझं नाव काढा. हे मी लिहिलेलं नाही."

लोकांना वाटले, बाई किती विनयशील आहेत. त्यांनी टाळ्या वाजवल्या. नाव तसेच राहिले.

छापखान्याची पुस्तिका आल्यावर माझे काम संपले. कुणी तेल घातले नाही. रबर ताठले, शाई पिंपात वाळून दगड झाली. बाई खोलीत येत, पण माझ्याकडे पाहत नसत. शिकवायच्या, नेमलेले तेच शिकवायच्या. मुले उत्तरे घडाघडा म्हणायची. भिंतीपलीकडून मला ऐकू यायची.

सत्तर साल उजाडले आणि बाई निवृत्त झाल्या. दौंडला भावाकडे राहायला जायचे ठरले होते. निघण्यापूर्वी एका सकाळी त्या एकट्याच पिंपळखडीला जाऊन आल्या. इतक्या वर्षांत त्या तिथे गेल्या नव्हत्या. आधी निवू द्यायचे म्हणून, मग शाळा राहिली नाही म्हणून, आणि नंतर कुठल्या तोंडाने जायचे म्हणून. परत आल्या तेव्हा बन्यामीन मास्तर या खोलीत नकाशे गुंडाळत होते. बाई मोडक्या बाकावर बसल्या.

"साखरबाई भेटल्या," त्या म्हणाल्या. "हात वाकडाच राहिलाय. मी त्यांचे पाय धरले. म्हटलं, माझ्यामुळं झालं."

"काय म्हणाली?"

बाईंनी साखरबाईचे बोलणे तिच्याच शब्दांत सांगितले. "म्हणाल्या, 'बाई, त्या लेकरानं दोर हातात दिला तवा लई हलकं वाटलं. असं जल्मात वाटलं नव्हतं. मार तर आमी आधीबी खाल्लाय. पर दुसऱ्या दिशी मी वाटंकडं बघत व्हते. म्हटलं, ज्यांनी पोरीला शिकवलं त्या येतील. तुमी आला न्हाई.'"

बन्यामीन मास्तरांनी नकाशा खाली ठेवला. बाई रडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या सामान घेऊन दौंडच्या एस.टी.त बसल्या. त्यानंतर मी त्यांना पाहिले नाही.

आता मला कुणी फिरवील अशी आशा राहिलेली नाही, आणि मी तेलपाणीही मागत नाही. माझ्यासारख्या यंत्राचे आयुष्य एवढेच. मागणे एकच आहे, आणि तेही तुमच्याकडून पुरे होईल असा माझा फारसा विश्वास उरलेला नाही. तुमच्या धड्यांखाली उत्तरे छापलेली असतील. तरीही एखादे दिवशी तुमच्यातला कुणी खरा प्रश्न विचारील. विचारा, मित्रांनो. फक्त विचारून घरी परतू नका. त्या प्रश्नाने ज्याच्या हातात दोर दिला, त्याच्या दाराशी दुसऱ्या दिवशी जाऊन उभे राहा.